उणे चार

औषधांच्या शीतगृहातले तापमानाचे सगळे प्रोग्रॅम एका जुन्या भाषेत लिहिलेले होते. ती भाषा ज्या कंपनीची, तिने जुन्या कॉम्प्युटरांची जबाबदारी झटकली, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी ती भाषा चालवणारं स्वतःचं इंजिन लिहायला घेतलं. पाच वर्षं, घरच्या जेवणाच्या टेबलावर, रोज सकाळी दोन तास. ते चालायचंही. पण नव्या मॅनेजरांना कागदावर खात्री हवी होती. कंपनीच्या नऊशे चाचण्या ताईंच्या इंजिनाने महिन्याभरात पास करायच्या, नाहीतर शीतगृहातली ती जुनी दहाही मशीन भंगारात, असं त्यांनी सांगून टाकलं.

पहिल्याच दिवशी एकतीस नापास झाल्या.

ताई एकेक चूक उकरून काढू लागल्या. समोर वडील बसायचे. त्यांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण भाषेच्या नियमांचं चारशे पानी छापील पुस्तक ते पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचायचे. एका चाचणीपायी तीन दिवस गेले आणि शेवटी निघाला एक राहून गेलेला स्वल्पविराम. वडील त्या दिवशी भलतेच खुशीत होते. निदान एक चूक तरी त्यांच्या धंद्यातली निघाली होती.

अखेर एकच उरली. उणे सातला दोनाने भागलं की येतात उणे साडेतीन, त्याचा पूर्णांक करून द्यायचा. कंपनीचं उत्तर उणे तीन, ताईंचं उणे चार. आपलंच काहीतरी चुकलंय असं धरून ताईंनी दोन दिवस डोकं खाजवलं. मग वडिलांची पट्टी एका ओळीवर थांबली.

"अगं, तुझं बरोबर आहे. इथं लिहिलंय, उत्तर नेहमी खालच्या, म्हणजे लहान आकड्याकडे न्यायचं. चूक त्यांची आहे."

ताईंनी कंपनीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, पुस्तक काहीही म्हणो, आमचं इंजिन देतं तेच उत्तर बरोबर. मॅनेजरांनीही समजावलं, की एक ओळ बदला, नऊशेच्या नऊशे होतील, उगाच वाकड्यात कशाला शिरता.

"साहेब, तीस चुका माझ्या होत्या, त्या मी निस्तरल्या," ताई म्हणाल्या. "ही माझी नाही. दुसऱ्याची चूक मी माझ्या हाताने लिहिणार नाही."

त्यांनी अहवालात आठशे नव्व्याण्णव लिहिलं आणि खाली पुस्तकातल्या पानाचा आकडा.

आठवड्याने मॅनेजरांनी ते पान कंपनीच्या वेबसाइटवर उघडलं. तिथलं वाक्य वेगळंच होतं, आणि बदलाची तारीख कालची. त्यांनी ताईंकडून छापील पुस्तक मागवलं, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे परवापर्यंत तुम्हीच बरोबर होतात."

"आजही आहे," ताई म्हणाल्या.

मॅनेजरांनी सही केली, पण नऊशे भरले नव्हते म्हणून सहाच मशीनसाठी. चार भंगारात गेलीच; ताईंनी ती स्वतः गाडीपर्यंत पोचवली.

त्याच दुपारी त्यांनी इंजिन इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. वर एक सूचना लिहिली: इथे उणे सातला दोनाने भागलं की उणे चार येतं. ज्याला चालत नसेल त्याने दुसरीकडे जावं.

तिसऱ्या दिवशी कुणा अनोळखी बाईचं पत्र आलं. तुमच्या इंजिनात तारखा चुकतात, असं तिने लिहिलं होतं. खरंच चुकत होत्या. ताईंनी तिचे आभार मानले आणि जेवायच्या आत ते दुरुस्त केलं.