गवत्या मे महिन्यात गात नाही

"ताई, पक्ष्यांची मोजणी झालीय. हा वटवट्या, सगळीकडे सापडतो. धोका नाही." झाडं लावणाऱ्या संस्थेच्या प्रद्युम्न सरांनी कागद माझ्यापुढे धरला. मागं आषाढाच्या उघडिपीत यंत्र खड्डे पाडत होतं. गुंजवणे गावाच्या वरचा आमचा गवताचा उतार कागदावर 'पडीक' होता, म्हणून तिथं झाडं लावायची होती.

"मोजणी कधी केलीत?"

"मे महिन्यात. पावसात कोण चढणार इथं?"

झोळीतल्या लेकीला थोपटत मी दात आवळले. वटवट्या माझ्या परसातल्या वांग्यातही घरटं करतो. इथला पक्षी गवत्या, त्याला उघडा, उभा, गवताचाच उतार लागतो. सह्याद्रीबाहेर तो कुठंच नाही. धोक्यातल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. मे महिन्यात तो दडून गप्प असतो आणि आषाढात गातो. दसऱ्याआधी आम्ही ह्या गवताला विळा लावत नाही, म्हणून तर त्याची पिल्लं उडतात.

"झाडांना विरोध करणाऱ्या तुम्ही पहिल्याच भेटलात," सर हसले.

तेवढ्यात गवतातून तो वर उठला. रुंद शेपटी पसरून गात गात गेला आणि दगडासारखा खाली पडला.

"हा वटवट्या?" मी ओरडले.

सरांनी मोबाईलवर त्याला टिपलं. मी घरटं दाखवलं तर त्यांनी भोवती चार काठ्या रोवून लाल फीत बांधली. "झालं? वाचलं घरटं."

चारी बाजूंनी खड्डे. मादी चोचीत अळी धरून घिरट्या घालत होती, पण फडफडणाऱ्या फितीजवळ उतरेना. आत पिल्लं चिवचिवत होती. माझी लेक भुकेनं रडायला लागली, मला पान्हा फुटला आणि राग मस्तकात गेला. मी काठ्यांसकट फीत उपटली. पायानंच खड्ड्यात माती ढकलायला लागले.

"सुलक्षणे, येडी का काय तू? लेकरू हाय अंगाला!" सासूबाई, रतनबाई, धापा टाकत वर आल्या. त्यांनी मादीकडं पाहिलं, खड्ड्यांकडं पाहिलं. "बस हितं, पाज तिला. खोरं म्या धरते."

"आजी, मी तक्रार करीन."

"करा की! लिवा त्यात, रतनबाईनं गवत राखलं. आन पुन्यांदा मोजाय भर पावसात या, चपला पायथ्याला सोडून, घसराल न्हाईतर."

लेक प्यायली, मीही उठले. आम्ही सातवा खड्डा बुजवत होतो तेव्हा मादी गवतात उतरली.

अजून चाळीस उरले होते.