एक ओळ खाली

आमच्या केंद्रात रक्त नसतं, रक्त देणाऱ्यांची नावं असतात. कुणाचं ऑपरेशन अडलं की फोन येतो, आम्ही यादी बघतो, त्या गटाच्या माणसाला हाक मारतो आणि तो हातातलं काम टाकून येतो. सोलापूर जिल्ह्यातली अशी अकराशे चाळीस माणसं मी बावीस वर्षांत जोडली. माझं नाव अमृत, पण आता सगळे मामाच म्हणतात.

त्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला इंद्रजीत नावाचा एक तरुण दारात येऊन उभा राहिला. माढ्याजवळच्या एका गावचा. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"मामा, बायकोला ओ निगेटिव्ह लागतंय. आठवा महिना हाय. रेश्मा तिचं नाव. लई रक्त गेलंय."

रक्तपेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, त्या पहाटेच चढल्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, आणखी दोन हाताशी आल्याशिवाय सिझेरियनला हात घालता येणार नाही आणि दुपारपलीकडे थांबताही येणार नाही. रक्त घेतल्यावर तपासण्यांना तीन-चार तास जातात. म्हणजे माणसं बाराच्या आत यायला हवी होती.

"बस बाबा," मी म्हणालो. "ओ निगेटिव्ह आहेत आपल्याकडं. विठ्ठल पाठीशी आहे."

समोरच्या टेबलावर ऋतुजा होती. आमच्या केंद्राचं संगणकाचं सगळं तीच बघते. दोन महिने खपून तिनं माझ्या सहा वह्या एका सामाईक शीटवर चढवल्या होत्या. आदल्या रविवारीच ते काम पुरं झालं होतं. एकाच जागी सगळं. वर माहितीचं पान, खाली रक्तदात्यांची यादी, बाजूला दिवसाच्या मागण्या. मी इथं अक्षर लिहिलं की रक्तपेढीतल्या बाईंना तिथं त्याच क्षणी दिसतं. मला ते फार आवडलं होतं. कीर्तनात बुवांनी चरण उचललं की मागचे टाळकरी श्वासही न घेता तेच उचलतात, तसं ते मला वाटायचं. पोरगी एवढी मायाळू की मला परकं वाटू नये म्हणून तिनं रकानेसुद्धा माझ्या वहीसारखेच ठेवले. पहिला रक्तगटाचा, मग नाव, गाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख.

तिनं बटण दाबलं. तीन महिन्यांत रक्त न दिलेले ओ निगेटिव्ह. तीन नावं आली. एक जण पुण्याला गेलेला. उरले सांगोल्याचा भीमा आणि अक्कलकोटच्या शाळेतल्या शिवम्मा बाई.

"रामकृष्ण हरी, भीमा."

"रामकृष्ण हरी, मामा! आज काय सकाळी सकाळीच?"

"ओ निगेटिव्ह पाहिजे. बाळंतीण अडलीय."

"माजं त्येच हाय व्हय?"

"यादीत तसंच आहे."

"मग आसंलच की. तुमी लिवलंय म्हणल्यावर. आलोच."

शिवम्मा बाईंना घाईनं एवढंच सांगितलं की बाई, रक्त लागतंय, निघा. त्यांनी वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला आणि बस धरली. मी इंद्रजीतला म्हणालो, "जा, आईला सांग, दोघं निघालेत." त्याची आई मथुराबाई रुग्णालयात सुनेच्या खोलीबाहेर बसून होती. तो पळतच गेला.

पावणेबाराला भीमा थेट रक्तपेढीत पोचला. डाळिंबाची फवारणी अर्धी टाकून आला होता. पाच मिनिटांत मला तिथल्या बाईंचा फोन.

"मामा, हा माणूस बी पॉझिटिव्ह आहे."

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं."

मागून भीमाचा आवाज आला, "मामा, औषधानं माजं रगत बदललं का काय वो?" तो हसत होता. मला हसू येईना. 

तेवढ्यात शिवम्मा बाईंचा फोन आला. त्या स्टँडवर उतरल्या होत्या. मी नुसतं विचारलं, "बाई, तुमचा गट ओ निगेटिव्हच ना?"

"अय्यो मामा! माझा ए पॉझिटिव्ह. कार्ड पर्समध्येच असतंय की माझ्या. सकाळी तुम्ही नुसतं रक्त पाहिजे म्हणालात, गट कुठं सांगितलात?"

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी उभा राहिलो आणि एवढ्या वर्षांत केंद्रात कुणावर चढवला नसेल असा आवाज त्या पोरीवर चढवला.

"बावीस वर्षांत माझ्या वहीनं एक माणूस चुकीचा पाठवला नाही! तुझ्या ह्या शीटच्या नादाला लागलो आणि तिकडं एक बाई मरायला टेकलीय. काय करून ठेवलंस तू?"

ऋतुजाचा चेहरा कागदासारखा झाला. ती उठली, कपाट उघडलं, तिसरी वही काढली आणि भीमाचं नाव शोधून माझ्यापुढे ठेवली. माझंच अक्षर, माझीच लाल शाई. भीमा, सांगोला. बी पॉझिटिव्ह.

"मामा, वहीत बरोबर आहे. आता त्याच्या वरचं नाव बघा."

वरचं नाव मायाप्पा, करमाळा. ओ निगेटिव्ह.

तिनं पान उलटलं. शिवम्मा, ए पॉझिटिव्ह. तिच्या वरच्या ओळीत सिद्धप्पा, सोलापूर. ओ निगेटिव्ह.

"सरकलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "नुसता गटाचाच रकाना सरकलाय. प्रत्येकाचा गट त्याच्या खालच्या माणसाला गेलाय. दोघांचं नाही, मामा. सगळ्यांचं."

अकराशे चाळीस.  आणि ही यादी आमच्या एकट्याकडे नव्हती. रक्तपेढीच्या पडद्यावर होती, चार रुग्णालयांच्या पडद्यांवर होती. मंगळवारी मी एकाला ए पॉझिटिव्ह म्हणून पाठवलं होतं, ते आठवलं. रक्तपेढीतल्या बाईंना फोन करून विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "हो, परत पाठवला. आम्हाला वाटलं त्यालाच त्याचा गट माहीत नसेल." बोटाला टोचून आधी गट बघायची पद्धत आहे म्हणून, नाहीतर पुढचं मला बोलवत नाही.

ऋतुजानं यादी सरसर वर नेली. पहिल्या माणसापर्यंत. त्याच्या नावापुढे रक्तगटाच्या चौकटीत लिहिलेलं होतं, श्री.

"हे मी रोज बघतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, वरचं शीर्षक असेल."

 कोरं पान श्री लिहिल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. वही असो, पत्र असो, किराणाची यादी असो. सोमवारी सकाळी मी यादी उघडली आणि बघतो तर पहिल्या ओळीपासून थेट माणसंच. मला ते उघडं उघडं वाटलं. चौकट कशी वाढवायची ते ऋतुजानं आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं. मी गटाच्या रकान्यात सगळ्यात वर एक चौकट घातली, तिच्यात श्री लिहिलं, हात जोडले आणि चहा प्यायला गेलो. पूर्ण ओळ घातली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी एकच चौकट घातली. तिनं खालचे सगळे गट एकेक पायरी ढकलले आणि शेवटचा गट यादीच्या खाली, जिथं कुणी जात नाही तिथं जाऊन पडला. बुवाच बेसूर लागले, मग टाळकरी काय करणार!

तिनं बदलांचा इतिहास उघडला. त्या शीटला सगळं आठवतं. कोण, कधी, कुठं. सोमवार, नऊ वाजून सात मिनिटं. शेजारी माझं नाव आणि माझा फोटो, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का.

 तिनं नुसता फोन माझ्या हातात दिला.

"मामा, ते नंतर. आधी सिद्धप्पांना लावा."

सिद्धप्पाचा कांद्याचा गाळा आहे, मार्केट यार्डात. आमच्यापासून दहा मिनिटांवर. लिलावाच्या गोंगाटात त्यानं फोन उचलला.

"ओ निगेटिव्ह? माझंच की. येतो. पण मामा, सकाळपासून मी इथंच बसलोय. सकाळीच का हाक मारली नाहीत?"

 मी म्हणालो, "ये बाबा लवकर."

मायाप्पा मेंढरं घेऊन मोहोळच्या शिवारात उतरला होता. त्याचा फोन तीनदा लागला नाही. त्या तीन वेळांत मी देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायचं सुचलंच नाही. चौथ्यांदा लागला. कळप बायकोच्या भरवशावर सोडून तो एका टेम्पोतून निघाला आणि दोन वाजता रक्तपेढीत शिरला, अंगावर घोंगडं तसंच.

तोवर ऋतुजानं ती चौकट काढून टाकली होती. रकाना सरसर वर आला आणि अकराशे चाळीस माणसांना आपापलं रक्त परत मिळालं. मी तिच्या टेबलाशी गेलो.

"पोरी, मघाशी मी जे बोललो..."

"जेवला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. डोळे पुसलेले दिसत होते.

"माझा हात बंद कर. मला नुसतं वाचता येऊ दे."

"सगळ्यांचाच करते. गटाच्या रकान्याला आता माझाही हात लागणार नाही, दोघांनी मिळून कुलूप काढल्याशिवाय."

दुपारी तीनला रेश्माला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांना थांबता आलं नाही. सिद्धप्पाची पिशवी तपासून बाहेर पडायला चार वाजले, तोवर त्यांनी हाताशी काही नसताना सुरुवात केली होती. मायाप्पाची पिशवी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. मी रुग्णालयाच्या बोळात भिंतीला टेकून उभा होतो. सहाला नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी झालीय, आई शुद्धीवर आहे. इंद्रजीत तिथंच खाली बसला.

मथुराबाई फरशीवरून उठल्या. साठीच्या आसपासची काटक बाई. त्यांनी मला बघितलं आणि सरळ पायाशी वाकल्या.

"देवावानी धावून आलात वो मामा."

मी दोन पावलं मागं सरकलो. गप्प राहता आलं असतं. ऋतुजा कुणाला सांगणार नव्हती, हे मला माहीत होतं.

"मावशी, पाया पडू नका. रक्त देणारा माणूस इथून दहा मिनिटांवर होता. सकाळीच आला असता. उशीर माझ्यामुळं झाला. यादी मी बिघडवली होती."

त्या वाकल्या होत्या तशाच थांबल्या. मग हळूहळू सरळ झाल्या.

"तुमी?"

"मीच."

"सून जगली हाय न्हवं?"

"हो."

"मग आज न्हाय. उद्या येते तुमच्याकडं भांडाय."

मला वाटलं, बोलण्यात म्हणाल्या असतील. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मथुराबाई केंद्राच्या दारात. ऋतुजानं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली.

"बसाय आले न्हाय मी. काल डॉक्टर म्हणला, आई, बगून घ्या. मी सुनंचं त्वांड बगून घेतलं. पांढरंफेक. व्हट सुदीक पांढरं. तिच्या आयला फोन करून काय सांगू त्ये मनात जुळवून ठिवलं, पाट केलं. ह्ये तुमास्नी ठावं हाय का?"

"नाही, मावशी."

"मग आयका."

त्या सांगत गेल्या. आदल्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंतचं, एकेका तासाचं. कुठल्या नर्सनं काय विचारलं, रेश्मानं पाणी कितीदा मागितलं, पोटातलं हलायचं थांबल्यासारखं वाटलं तेव्हा किती वाजले होते. आवाज चढवला नाही. मी हात जोडून उभा होतो. आयुष्यभर कीर्तनं ऐकली, रात्र-रात्र मांडी न मोडता बसलो, पण एका माणसाचं बोलणं इतकं अंगावर घेऊन मी कधी ऐकलं नव्हतं. मधे दोनदा फोन वाजला, तो ऋतुजानं बाहेर जाऊन घेतला.

शेवटी त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं, कोपऱ्यात ठेवलेली डब्याची पिशवी उचलली.

"झालं. जाते आता, सुनंला पेज द्यायची हाय." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पोरगी बगाय या तुमी. पर आज येऊ नगा. आज मला लई राग हाय."