बांधकामाची वर्षं

आमची पिढी अणुभट्टीच्या उष्णतेवर गोडं केलेलं समुद्राचं पाणी पिऊन वाढली. कॅस्पियनच्या काठी अक्ताउ शहरात दुसरं पाणी होतंच कुठे! ती भट्टी बंद पडली, तोवर सेइतकाझींचं अर्धं आयुष्य तिथे नोकरीत गेलं होतं. त्यांची मुलगी गौहर कचेरीत माझ्या शेजारी बसायची. नवी भट्टी बांधली तर तिच्यावर गोडं केलेलं पाणी केवढ्याला पडेल, हे संगणकावर काढायचं काम तिच्याकडे आलं आणि सेइतकाझी हरखून गेले. रोज विचारायचे, "काय म्हणतो गं तुझा प्रोग्राम?"

प्रोग्राम नाही म्हणत होता. बांधकाम लांबेल तसं कर्जाचं व्याज चढायचं आणि पाणी महागायचं.

आमचे साहेब वालेन्तीन पाव्लोविच तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बांधकामाला नऊ वर्षं? पाच टाक की! कोण मोजायला बसलंय?"

"पिणारे बसलेत ना."

"बघ हं. लोकांपुढच्या सभेत तुलाच बोलायचंय. समोर वडील असतील."

होतेच. पहिल्या रांगेत, कोटाला भट्टीचा जुना बिल्ला लावून. गौहरने नऊ वर्षं धरूनच खर्च मांडला. भट्टीचं पाणी परवडणार नाही, असं तिने सांगितलं. किनाऱ्यावरच्या एका गावातली आयझादा नावाची बाई ताडकन उठली. "म्हणजे आम्ही टँकरचंच पाणी प्यायचं?"

"नाही, ताई. वीजकेंद्रात गॅस जाळल्यावर उरलेली उष्णता वाया जातेय. ती धरूनही मी हिशोब केलाय. तुमच्या गावापुरतं पाणी त्यात होतं, आणि परवडतंही. भट्टीचं गणित शहर वाढलं की पुन्हा मांडू."

सभेने ते मान्य केलं. साहेबही टाळ्या वाजवत होते.

घरी मात्र वेगळंच झालं. नंतर गौहरनेच मला सांगितलं. चहा ढवळत सेइतकाझी म्हणाले, "पाच टाकली असतीस, तर कामाला सुरुवात तरी झाली असती."

"आणि सहाव्या वर्षी लोक दारात आले असते, बाबा."

"तुला खोटं बोलायला शिकवलं नाही, तेच चुकलं माझं," असं म्हणून ते हसले. गौहरला मात्र रडू फुटलं.

गावासाठी पाणी गोडं करायचा लहान कारखाना उभा राहिला. नळ्यांवर क्षार कसा साचतो, तो कधी खरवडायचा, हे शिकवायला सेइतकाझींनाच बोलावलं. "पगार नको, न्यायला गाडी तेवढी पाठवा," म्हणाले. नव्या पोरांवर ते असे खेकसायचे की गौहरला ऐकून बरं वाटायचं.

पाणी गावात पोचलं त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. आयझादाने नळावर किटली भरली, चहा केला, उंटिणीचं दूध घातलं आणि पहिली वाटी सेइतकाझींपुढे धरली. त्यांनी घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दूध कमी आहे," ते म्हणाले.

"पाण्याचं सांगा, आजोबा!" आयझादा ओरडली.

"पाणी ना? पाणी झकास आहे." आणि त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.