उपकारस्तुतीचा कोंबडा

रतन साळवेच्या घरात गेली चार वर्षं मटण शिजलं नव्हतं. याचं अर्धं श्रेय घरमालकाला होतं आणि अर्धं पगाराला.

वलवणच्या त्या दोन खोल्या देताना रखमाजी आबांनी एकच अट घातली होती. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, तोंडात कायम बडीशेप. "देव तुमी कुटला बी माना," ते म्हणाले होते, "पर घरात मटन, मासळी, अंडं शिजवायचं न्हाई. तितं आपलं जमायचं न्हाई." त्याआधी रतनने लोणावळ्यात बरीच दारं वाजवून पाहिली होती. भिंतीवर क्रूस लावणार म्हटलं की लोकांना अचानक आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. लोणावळ्यात इतके पुतणे असतील याची रतनला कल्पना नव्हती. आबांना मात्र त्याने सरळ सांगून टाकलं, "आबा, अट घातली नसती तरी आम्हाला परवडलंच नसतं." आबा खूश झाले. इतका खरं बोलणारा भाडेकरू आपण बघितला नाही म्हणाले आणि किल्ली दिली.

रतन चिक्कीच्या दुकानात काउंटरवर होता. मोडलेल्या चिक्कीला पर्यटक हात लावत नाहीत, म्हणून मालक ती कामगारांना वाटून टाकायचा. रतनची बायको सारिका तो चुरा कुटून पोळीत भरायची. ती फ्लॉवरच्या देठांची भाजी करायची, भोपळ्याच्या सालींची चटणी करायची आणि कोबीच्या ज्या पानांकडे भाजीवालाही बघत नाही त्यांच्या वड्या थापायची. त्या घरात भाजीचा फक्त चिरतानाचा आवाज वाया जात असे. वरच्या मजल्यावरून आबांच्या पत्नी, अंबूबाई, वाटी घेऊन खाली यायच्या आणि विचारायच्या, "आज काय टाकून दिलं न्हाईस गं?"

तिसरी व्यक्ती रतनची आई, येसूबाई. चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, "मावशी, हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळचं का?" येसूबाई म्हणाली, "न्हाई वो. माज्या आज्याला संभाजीराजाचं लय वेड. नावात येशू निगाला, ती देवाची बचत."

यंदा काळजी एकच होती. खोल्यांचा करार नोव्हेंबरात संपत होता आणि शेजारचं जुनं घर पाडून तिथे पर्यटकांसाठी बंगला उभा राहिला होता. त्या बंगल्याचा एजंट हल्ली आबांकडे चहाला येऊ लागला होता. तो वरती चहा भुरकायचा आणि खाली रतनला ठसका लागायचा. "सोमवारी सकाळी बसू," आबा कराराबद्दल एवढंच म्हणाले होते.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, हंगामाची उपकारस्तुती होती; नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस.

या दिवशी ज्याने त्याने आपल्या घरचं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा, अशी जुनी पद्धत. सारिकाने कोबीच्या पानांच्या वड्यांचा डबा ठेवला होता. तिची नजर होती इंद्रायणी तांदळाच्या पिशवीवर. नवा तांदूळ, पिशवीबाहेर वास येत होता. त्यासाठी घरात महिनाभर चहात साखर कमी पडली होती.

लिलाव पुकारायला मंडळीचे सेक्रेटरी अतुलभाऊ. ते रेल्वेत असल्यामुळे वस्तू गाड्यांसारख्या पुकारायचे. "भोपळा गेला. यानंतर येणारा तांदूळ थोड्या उशिराने येत आहे. त्याआधी कोंबडा."

कोंबडा तांबडा होता. मानेवर पिसं नव्हती आणि चेहरा पेन्शनीत निघालेल्या फौजदाराचा होता. त्याची ही तिसरी उपकारस्तुती. दरवर्षी जो त्याला घ्यायचा तो सुरी घेऊन त्याच्यासमोर बसायचा, कोंबडा त्याच्याकडे बघायचा, आणि पुढच्या वर्षी तो माणूस त्याला देवाच्या कार्यासाठी परत आणायचा. यंदा तो पाळकसाहेबांनी आणला होता. त्यांच्या हाताला पट्टी होती.

बोली अडकली. कोणी हलेना. तेव्हा मंडळी जरा भक्तिभावात यावी म्हणून पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "देवाने किती दिलं ते आठवा. या वर्षात ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं, त्यांनी हात वर करून त्याचे आभार माना."

रतनला छप्पर म्हणताच आबा आठवले, किल्ली आठवली, चार वर्षं आठवली. त्याने डोळे मिटले आणि हात वर केला. चांगला उंच केला.

"एक वार," अतुलभाऊ म्हणाले. "दोन वार. तीन वार. साळवे."

लिलावात डोळे मिटून हात वर करणारा माणूस सगळ्यात धोक्याचा. रतनने डोळे उघडले तेव्हा त्याच्या मांडीवर कोंबडा होता आणि सारिका त्याच्याकडे बघत होती. कोंबडाही बघत होता. दोघांची नजर साधारण सारखी होती.

"अहो, सांगा ना त्यांना, चुकून झालं म्हणून," सारिका कुजबुजली.

"देवाचे आभार चुकून मानले असं सांगू?"

सारिकाने तांदळासाठी साठवलेले पैसे कोंबड्यापायी मोजले. तांदूळ दुसऱ्या कुणाला गेला.

"आपन इकून टाकू ह्याला," येसूबाई वाटेत म्हणाली.

"घेणार कोण, आई? अख्खी मंडळी त्याला ओळखते."

कोंबडा भाजीच्या पिशवीत घालून, वर कोथिंबीर पसरून त्यांनी घरी आणला. मोरीत उलट्या पाटीखाली ठेवला. सारिकाने चिक्कीचा चुरा टाकला. त्याने शेंगदाण्याची खाल्ली, तिळाची बाजूला सारली. "ह्याला पन चव कळती," येसूबाई म्हणाली, "म्हंजी हा ऱ्हातोय आता."

"एक रात्र," रतन म्हणाला. "आबांना कळायला नको. उद्या करार आहे. ते म्हणतील, आज मोरीत आहे, उद्या पातेल्यात असेल."

शेजारच्या बंगल्यात सोमवारची सुट्टी जोडून आलेली पोरं होती. त्यांचं संगीत शनिवारपासून चालू होतं आणि घरातली भांडी मांडणीवर आपोआप सरकत होती. त्या आवाजात हत्ती जरी ओरडला असता तरी कळलं नसतं. रतनने त्याबद्दलही देवाचे आभार मानले. हात मात्र खाली ठेवले.

पहाटे संगीत थांबलं आणि कोंबड्याने ठरवलं की आता आपली पाळी.

तो उजाडेपर्यंत आरवत राहिला. मोरीला घुमट नाही, पण ऐकणाऱ्याला तो आहे असं वाटलं असतं. रतनने पाटीवर गोधडी टाकली, गोधडीवर बादली ठेवली. कोंबड्याला त्यामुळे अंधार झाला, म्हणजे पुन्हा पहाट व्हायची बाकी आहे असं समजून तो नव्याने सुरू झाला.

सकाळी नळावर अंबूबाई भेटल्या. "रतन, कोंबडा आरडत हुता का रे तुमच्याकडं?"

"कोंबडा? नाही मावशी. मोबाईलची रिंगटोन. लवकर उठायला लावलीय."

"लय येळ वाजत हुती."

"उठलोच नाही ना लवकर."

अंबूबाईंनी मान डोलावली आणि हंडा उचलला. जाताजाता रतनच्या खांद्यावरून एक तांबडं पीस काढलं. "आन हे?"

"उशीतलं असेल."

"तुमच्या उशा कापसाच्या हायेत. मीच दिल्यात."

"मला कोंबड्यातलं काही कळत नाही, मावशी," रतन म्हणाला आणि बादली न भरताच आत आला.

थोड्या वेळाने जिन्यावर आबांच्या काठीचा आवाज आला. सारिका कांदा काढून बसली होती, ती विळीवर तशीच थांबली. आबा दारात उभे राहिले. हातात कराराचे कागद होते, पण त्यांनी ते उघडले नाहीत.

"रतन, सरळ इचारतो. त्यो कोंबडा तुजा हाय का?"

रतनच्या डोळ्यांपुढून पुतण्यांसाठी राखलेल्या सगळ्या खोल्या गेल्या.

"आबा," तो म्हणाला, "मी त्या कोंबड्याला ओळखत नाही."

मोरीतून कोंबडा आरवला. आत्तापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या आवाजात, शेवटी एक तान घेऊन.

मग आतून येसूबाई म्हणाली, "पेत्रानं पन हेच वाक्य टाकलं हुतं."

"कोन पेत्र?" आबांनी विचारलं.

"हाय एक आमच्यातला. तीनदा न्हाई म्हनला आन कोंबडा आरवला. नंतर लय मोटा मानूस झाला." तिने मुलाकडे पाहिलं. "सगळेच हुत्यात असं न्हाई."

पेत्र बाहेर जाऊन रडला होता. रतनला बाहेर जाता येईना, कारण दारात आबा होते. म्हणून त्याने सारिकासमोरचा कांदा ओढून घेतला आणि चिरायला बसला. परिणाम तोच झाला. कांदा चिरता चिरता त्याने सगळं सांगितलं: लिलाव, डोळे मिटणं, कोथिंबीर, गोधडी, बादली.

आबांनी ऐकून घेतलं. मग मोरीत डोकावून आले. कोंबड्याने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी कोंबड्याकडे बघितलं. मान आधी कोंबड्याने वळवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"हात वर केला म्हनून कोंबडा आला," आबा म्हणाले.

"हो."

"पर हात कशापायी वर केलतास?"

"पाळकसाहेब म्हणाले, ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं त्यांनी आभार माना."

आबांनी वर पाहिलं. तिथे त्यांचंच छप्पर होतं. एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला होता.

"आरं, मी तुजे आभार मानाया आलतो," ते म्हणाले.

रतनचा हात विळीवर थांबला.

"दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. हात जोडून गेलो त्या पोरांकडं, म्हनलं बाळांनो, आवाज कमी करा. तर म्हनत्यात, अंकल, चिल. आज पाटं ती कुटं आडवी झाली, तवर ह्यानं बांग दिली. सकाळी चौघं माज्या दारात, डोळे लालभडक. अंकल, प्लीज, कोंबडा बंद करा." आबांनी बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "मी म्हनलं, चिल."

येसूबाई आत हसली असावी, कारण डबा पडला.

"बॅगा भरून गेली बी. आन त्या एजंटाला मी कालच वाटंला लावलाय. ह्या घरात टुरिस्ट घालून म्या कुटं झोपायचं?" आता आबा खाली बसले. चेहरा मात्र गंभीर झाला. "पर एक सांगतो, रतन. कोंबड्याचं मला काय न्हाई. शिजवायचा न्हाई, असं मी म्हनलं हुतं. पाळायचा न्हाई, असं कुटं म्हनलं? तू खरं बोलला म्हनून चार वर्सामागं किल्ली दिली. आन आता कोंबड्यापायी खोटं बोलतूस?"

"चुकलो, आबा."

"माज्याशी एकदाच बोललास, ते सोड. पर अंबूला रिंगटोन म्हनलास. ती सकाळपास्नं माज्या फोनात ती रिंगटोन हुडकती."

करार तिथेच, कांद्याशेजारी झाला. भाडं तेवढंच राहिलं. आबांनी एक नवी अट स्वतःच्या हाताने खाली लिहिली: कोंबडा सोडायचा नाही, पुढच्या वर्षी देवाला दिला तर घरमालकानेच परत विकत आणायचा.

संध्याकाळी रतन दुकानातून परतला तेव्हा दाराबाहेरूनच ओळखीचा वास आला. अंबूबाईंनी माहेराहून, टाकव्याहून आलेला नवा तांदूळ खाली पाठवला होता. इंद्रायणीच, आणि लिलावातल्यापेक्षा मोठी पिशवी. पाठोपाठ त्या स्वतः आणि आबाही आले होते. सारिकाने भोपळ्याची भाजी, देठांची आमटी आणि वड्या केल्या होत्या. आमटी चिक्कीतल्या गुळाने गोड झाली होती. कोंबडा ओट्यावर मोकळा फिरत होता आणि रिकाम्या बंगल्याकडे अधूनमधून तुच्छतेने बघत होता.

ताटं वाढली. आबांचा हात घासाकडे गेला, तो त्यांनी परत घेतला आणि ते थांबले. येसूबाईने डोळे मिटले.

"देवा, तांदळासाठी उपकार. वरच्या मजल्यासाठी उपकार. ज्याला आमी न्हाई म्हनलो त्या कोंबड्यासाठी पन उपकार. इतं ज्याला ज्याला मिळालंय, त्यानं हात वर करावा."

अंबूबाईंनी केला. सारिकाने केला. आबांनी काय करायचं ते न कळून दोन्ही केले.

रतनने आधी एक डोळा उघडला. आजूबाजूला नीट पाहिलं. अतुलभाऊ कुठे नव्हते.

मग त्याने हात वर केला.