सभेआधीचं इतिवृत्त

कॉलेजात एक जुनी सोय होती. सभा बुधवारी असली, तरी तिचं इतिवृत्त हेडक्लार्क मंगळवारीच टाइप करून ठेवत. कोण काय बोलणार, हे त्यांना बावीस वर्षांत तोंडपाठ झालं होतं, आणि फारसं चुकतही नसे. नव्या प्राचार्या ते पाहून आधी हसल्या आणि मग त्यांनीही ते तसंच चालू ठेवलं. त्यांना पाच वर्षांचा आराखडा मंजूर करून घ्यायचा होता. प्रत्येकाचं ऐकत बसायला वेळ कुणाला होता!

या वेळी मात्र घोळ झाला. हेडक्लार्कांनी विषयपत्रिकेबरोबर इतिवृत्तही विभागप्रमुखांना पाठवून दिलं.

मंगळवारी दुपारी दगडसर केबिनमध्ये आले. भूशास्त्र शिकवत म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव, आणि त्यांनाही ते आवडायचं.

"मॅडम, उद्या मी काय बोलणार आहे ते कळलं. तयारीचा त्रास वाचवलात."

त्यांनी कागद पुढे केला. ठराव चौथा: भूशास्त्र विभाग बंद करावा. खाली ओळ होती, 'विभागप्रमुखांनी प्रस्तावाचे मनःपूर्वक स्वागत केले.' प्राचार्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"सर, अकराच विद्यार्थी उरलेत हो. मी तरी काय करू?"

"ते मला सांगायचं होतंत की! सहा महिने आराखडा चाललाय. तुम्ही एकदाही आला नाहीत."

प्राचार्यांनी मुद्दामच टाळलं होतं. सर वाद घालतील, त्यांचं मन दुखेल, त्यापेक्षा सभेत पटकन उरकू, असा बेत होता. त्याला त्या नियोजन म्हणत. भित्रेपणालाही किती भारदस्त नाव मिळतं पाहा!

बुधवारी त्यांनी ते टाइप केलेलं इतिवृत्त फाडलं आणि भर सभेत म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही बोला."

दगडसर पंचवीस मिनिटं बोलले. रस्ते खचतात कुठे, विहिरींना पाणी लागतं कुठे, आपले जुने विद्यार्थी आज कुठे काय करतात, सगळं सांगितलं. रसायनशास्त्राच्या प्रमुखांनी सुरुवातीला दोनदा घड्याळ पाहिलं, नंतर ते पाहायचंच विसरले.

मतं घेतली. बंद करण्याच्या बाजूने सात, विरोधात सहा. विभाग गेला. प्राचार्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांनी मतं पुन्हा एकदा मोजली.

खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. दाराशी रसायनशास्त्राचे प्रमुख दगडसरांचा हात धरून उभे होते.

"सर, हे आधी का नाही बोललात? मला ठाऊकच नव्हतं. मी गेल्या महिन्यातच शब्द देऊन बसलो होतो हो, मोडता येईना."

दगडसर मान हलवून निघून गेले.

प्राचार्या कागद गोळा करत तिथेच होत्या. तो शब्द त्यांनीच मागून घेतला होता, रसायनशास्त्र विभागात स्वतः जाऊन. शेजारचंच दार भूशास्त्राचं होतं.