हारूनभाईंची हनुवटी

हारूनभाईंनी गालावरचा साबण पुसून कॅमेऱ्याकडे तोंड वळवलं, तेव्हा इंद्रनीलला क्षणभर ते ओळखूच आले नाहीत. हज करून आल्यापासून राखलेली दाढी गेली होती आणि तिच्या जागी भलत्याच कुणाची वाटावी अशी लहानशी, फिकट हनुवटी होती. दापोलीकडचे हे चाळिशी उलटलेले फिटर. कॅम्पातले निम्मे लोक त्यांच्याकडून काम शिकले होते. आता ते हनुवटी हाताने झाकून उभे होते.

“आता मास्क बसंल ना बरोबर?”

“बसेल, हारूनभाई. रबर कातडीला चिकटलं पाहिजे. दाढी असली की फटीतून गॅस आत शिरतो.”

“ठीक हाय. ऱ्हायलो तर दाढी काय, परत येल.”

सौदीतल्या जुबैलमध्ये भोंगे वाजू लागल्याला आठवडा झाला होता. इराककडून क्षेपणास्त्रं येत होती आणि पुढच्यात विषारी वायू असेल असं जो तो सांगत होता. गोऱ्या साहेबांना, सौदींना आणि इंजिनियरांना मास्क पहिल्याच दिवशी मिळाले. कामगारांना मिळाला सल्ला. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावा, दाराखाली ओला टॉवेल लावा. मग काल कंपनीच्या सेफ्टी विभागाचे विजयकुमार स्वतः जीपमधून मास्कची पेटी घेऊन कॅम्पात आले आणि माणसांच्या जिवात जीव आला.

“मास्क कसा घालायचा याची फिल्म करायची,” ते इंद्रनीलला म्हणाले होते. “चांगली झाली तर तुझ्या इकाम्यावर व्हिडिओ एडिटर लिहून घेतो. कागद तयार आहे माझ्या टेबलावर.”

व्हिडिओ एडिटर! पुण्यात तीन वर्षं सिनेमाचं संकलन शिकलेल्या इंद्रनीलच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आजवर ‘मजूर’ असं लिहिलेलं होतं. कंपनीत व्हिडिओ विभाग आहे असं एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं. तो विभाग म्हणजे सेफ्टीच्या कपाटात कुलपाखाली ठेवलेला एक कॅमेरा निघाला आणि इंद्रनीलची रवानगी स्टोअरमध्ये, बूट आणि हेल्मेटं वाटायला झाली. तक्रार तरी कुणाकडे करणार? बरोबर शिकलेला एक नाशकात लग्नाच्या कॅसेटी काढत होता, दुसरा सासऱ्याच्या दुकानात ट्रॅक्टर विकत होता. “सिनेमा शिकलास म्हणजे नक्की काय शिकलास रे?” असं विचारणाऱ्या काकांना दाखवायला त्याला तो कागद हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

जेवणाच्या हॉलमध्ये शूटिंग झालं. माणसं रांगेत उभी राहिली, मास्क घातले, पट्टे आवळले. हारूनभाईंनी तर एकदाही न चुकता सगळं करून दाखवलं. शेवटी सगळे मास्क खांद्याला अडकवून दाराकडे चालत गेले. फिल्मचा शेवट तोच होता.

इंद्रनीलने कॅमेऱ्याच्या तिवईचं हँडल सोडलं, पण कॅमेरा बंद केला नाही. हात तसा वळलेला होता. शॉट संपला तरी थोडी टेप चालू द्यायची, कापायला शेपटी लागते, असं पहिल्याच वर्षी मास्तरांनी डोक्यात भरवलं होतं.

“खलास?” विजयकुमारांनी टाळी वाजवली. “यल्ला, चला, मास्क इकडे द्या. पट्टे गुंतवू नका.”

माणसांना वाटलं, नावं लिहून घेऊन परत देणार. त्यांनी निमूटपणे मास्क दिले. पेटीचं झाकण लागलं, पेटी जीपकडे निघाली, तरी हारूनभाई हात पुढे करून उभेच होते.

इंद्रनील धावत जीपपाशी गेला.

“सर, मास्क कुठे नेताय?”

“ऑफिसात. कामगारांचे मागवलेत, येतील.”

“कधी?”

“युद्ध चालू आहे, इंद्रनील. मी काय सांगणार?” विजयकुमारांच्या स्वतःच्या खांद्याला मास्क होता. “दूतावासाचे लोक विचारतायत, माणसांना मास्क दिले का म्हणून. त्यांना दाखवायला टेप हवीय. उद्या सकाळी ड्रायव्हर रियाधला निघतोय.”

“हारूनभाईंनी दाढी काढली, सर.”

“मी सांगितली होती काढायला? तूच मागे लागलास ना, शॉट नीट यावा म्हणून?” ते जीपमध्ये बसले. “फिल्मवाला आहेस तू. कुठे कापायचं ते मी सांगायला हवं का?”

इंद्रनीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विजयकुमारांचा राग आला, एजंटाचा आला, लढणाऱ्या सगळ्यांचा आला. पण सगळ्यात जास्त राग आला तो दाढीबद्दलचं त्यांचं बोलणं खोटं नव्हतं म्हणून. शॉट नीट यावा असं त्याला खरंच वाटलं होतं.

स्टोअरच्या मागे दोन व्हीसीआर जोडून त्याने टेप लावली. माणसं दाराकडे चालत गेली. इथे कापायचं होतं. त्याने कापलं नाही. पुढे शेपटी होती. टाळी वाजली, सगळ्यात आधी मास्क देऊन रिकाम्या हातांनी पेटीकडे बघणाऱ्या हारूनभाईंचा उघडा चेहरा पडदाभर आला आणि मग बाकीचे मास्क परत गेले. जाऊ दे हे असंच रियाधला, तो दात आवळून मनाशी म्हणाला. बघू दे सगळ्यांना.

“इंद्रा, एक काम हुतं.” हारूनभाई दारात उभे होते. गळ्यातला रुमाल त्यांनी हनुवटीवर ओढून घेतला होता. “माझं तोंड काढ त्यातून.”

“मास्कमध्ये तुमचं तोंड दिसतच नाही.”

“त्यातलं नाय. हे.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

इंद्रनीलने खुर्ची वळवली. “हारूनभाई, हाच तर पुरावा आहे. तुम्हाला कसं फसवलं ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तो काढला तर उरलं काय?”

“रियाधच्या त्या दूतावासाच्या हाफिसात आमच्या गावचा बदरुद्दीन चाय देतो. तो बघंल आन् घरी सांगंल.” त्यांनी रुमाल नीट केला. “सकाळी घरवालीला, खैरुन्निसाला फोन लावला हुता. म्हटलं, मास्क मिळाला. ती रडली नुसती. म्हणाली, आज झोप लागंल.”

“पण असं गप्प राहून कसं चालेल? फिल्म चांगली व्हायची तर—”

इंद्रनील मध्येच थांबला. हेच शब्द तासाभरापूर्वी जीपपाशी दुसऱ्या तोंडून ऐकले असते तर त्याने त्या माणसाची गचांडी धरली असती.

“पुरावा तुला पायजे,” हारूनभाई शांतपणे म्हणाले. “तोंड माझं हाय.”

इंद्रनीलने टेप मागे घेतली. दोघांनी मिळून ती पुन्हा पाहिली. हँडल सुटल्यावर कॅमेरा हळूहळू पुढे झुकत गेला होता. थोडा वेळ चेहरा, मग छाती, आणि मग नुसते हात. हात मास्क देत होते, दुसरे हात ते पेटीत टाकत होते, आणि झाकण लागल्यावरही एक हातांची जोडी पुढे धरलेली राहत होती.

“हे कुणाचे म्हणून ओळखतील?” इंद्रनीलने विचारलं.

हारूनभाईंनी वाकून पाहिलं, मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. नखांत सगळ्यांच्याच असतो तसा काळा मळ होता.

“हात ऱ्हाऊ देत,” ते म्हणाले. इंद्रनीलने चेहरा तेवढा कापला आणि हात ठेवले.

सकाळी विजयकुमार जीपपाशी कागदांवर सह्या करत होते. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं. इंद्रनीलने टेप पुढे केली.

“शेवट नीट केलास ना?”

“शेवटाला हात लावला नाही. आहे तसा ठेवलाय.”

“शाब्बास.” त्यांनी वर न बघताच टेप पिशवीत टाकली. “तिकडून साहेबांचा फोन आला की तुझ्या कागदावर लगेच सही घेतो.”

“फोन येईल, सर.”

जीप धूळ उडवत गेली. परत येताना इंद्रनीलला नळापाशी हारूनभाई दिसले. दाराखाली लावायचा टॉवेल ते भिजवत होते. रुमाल आज गळ्यात नव्हता. ते सरकले आणि त्यांनी नळ थोडा मोठा केला. इंद्रनीलने खोलीतून आपला टॉवेल आणला आणि धारेखाली धरला.