मातीचे पोहे

अबोलीला सारखी सर्दी व्हायची. तुकोगंजमधल्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं आणि सांगितलं, "लसी वेळेवर झाल्यात, पोरगी ठणठणीत आहे. चांगलं खाऊ द्या, झोपू द्या, मातीत खेळू द्या. प्रतिकारशक्ती हळूहळू वाढेल." तिच्या बाबाने, विक्रांतने, यातली फक्त माती उचलली.

पण माती आणायची कुठून? कॉलनीत गेटपासून जिन्यापर्यंत सगळं फरसबंद. बगीच्यात पाटी, 'घास पर चलना मना है'. शेवटी रविवारी सकाळी तो नर्सरीत जाऊन उभा राहिला.

"भिया, गमले कितने हैं?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"गमला नहीं है. तीन साल की लड़की है."

नर्सरीवाल्याने त्याला एकदा नीट निरखलं. मग मातीची दोन पोती गाडीत टाकली.

गच्चीवर लाल मातीचा ढीग पडला. अबोलीने तो पाहिला, नाक मुरडलं, खाली गेली आणि आपला छोटा झाडू घेऊन आली.

"बाबा, कचरा!"

"कचरा नाही गं, मज्जा आहे! हे बघ." विक्रांतने ढिगात फतकल मारली. मग लोळला. मग मूठभर माती डोक्यावर ओतून घेतली. अबोली शांतपणे त्याची पाठ झाडत राहिली.

तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला वर आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, ढिगातल्या माणसाकडे पाहिलं.

"विक्रांतजी, श्रेयाला बोलावू का?"

बायकोचं नाव ऐकून विक्रांत ओशाळला. तोंडाला आलं ते बोलून गेला, "नाही हो काकू, हे... पोह्याचं दुकान आहे."

झाडू थांबला. "पोहे?"

आणि बसली की पोरगी! कोपरापर्यंत हात घातले, पाणी ओतलं, कालवलं, आणि ओरडायला लागली, "गरम पोहे! जीरावण मसाला डालूं क्या?"

द्वारकाबाईंनी पापड्या बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि खोटं खोटं चाखून बघितलं. "शेव कमी आहे हं. और थोडा नींबू भी."

श्रेया वर आली तेव्हा तिघंही लाल मातीने माखली होती.

"हे काय चाललंय?"

"इम्युनिटी," विक्रांत म्हणाला आणि सणसणीत शिंकला.

साबणाने हातपाय घासून घेतल्यावर अबोली कधी नव्हे ती वरण-भात चाटूनपुसून जेवली आणि गाढ झोपली. विक्रांतचं नाक मात्र आठवडाभर वाहत होतं. पुढच्या रविवारी तो पांघरुणात असतानाच बेल वाजली. दारात द्वारकाबाई, हातात लिंबू.

"दुकान खुली है क्या?"